काचगुलाब आणि इतर आगंतुक

घरात पाणी कोंडून त्यात जीव पाळण्याच्या छंदाचा इतिहास लिहावयाचा झाल्यास त्याचा आरंभ माशांपासून न करता शेवाळापासून करावा लागेल. लंडनच्या अपॉथेकरीज हॉलमध्ये रसायनज्ञ म्हणून काम करणारे रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी १८४९ च्या सुमारास एका काचपात्रात दोन सोनमासे आणि व्हॅलिस्नेरिया नावाची पाणवनस्पती ठेवली. माशांनी सोडलेला कर्बवायू वनस्पतीने घ्यावा आणि वनस्पतीने सोडलेला प्राणवायू माशांनी घ्यावा, असा हा उभयपक्षी करार होता, आणि कागदावर त्यात कोठेही वैगुण्य नव्हते. परंतु जुनी पाने कुजू लागली, पाणी गढूळ झाले, काचेवर हिरवा बुळबुळीत थर चढला आणि करारातील दोन्ही पक्ष धोक्यात आले, तेव्हा वॉरिंग्टन यांनी पाच-सहा गोगलगायी आणून त्या पाण्यात सोडल्या. कुजके खाणारा तिसरा पक्ष हजर होताच पाणी निवळले. १८५० साली केमिकल सोसायटीच्या नियतकालिकात त्यांनी हा वृत्तांत प्रसिद्ध केला, आणि संतुलित मत्स्यालयाची पहिली नोंद म्हणून आज त्याच लेखाकडे बोट दाखवले जाते. मला या हकिकतीत विशेष वाटते ते हे की, त्या सद्गृहस्थांनी घाणीशी झगडा मांडला नाही. या जागी कोण असावयास हवे होते आणि कोण नाही, एवढेच त्यांनी पाहिले.

वॉरिंग्टन यांचे नाव मी ऐकले ते पुतण्याच्या तोंडून. तो नोकरीनिमित्त जर्मनीत स्टुटगार्टला असतो. (हे शहर आणि मुंबई ही १९६८ पासूनची भगिनी-शहरे आहेत, हे मला तेथे गेल्यावर कळले, मुंबईला इतकी वर्षे जाऊन-येऊन कोणी सांगितले नव्हते.) तेथून कोणत्याही दिशेने निघाले तरी समुद्र लागावयास दिवस मोडतो, तथापि त्याच्या दिवाणखान्याची एक बाजू ४०० लिटर समुद्राने अडवलेली आहे. कॉन्स्टन्स सरोवराचे पाणी त्याच्या घरी नळाने येते. ते सूक्ष्म पडद्यांतून गाळून त्यातील असेल नसेल ते सर्व काढून टाकावयाचे, आणि मग विकतचे मीठ घालून लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम इतके त्याला खारट करावयाचे, म्हणजे समुद्र तयार झाला. त्यात खडक, वाळू, थोडे मासे, आणि मुख्यतः प्रवाळ. आपल्याकडे असा छंद करू म्हणणाऱ्याने आधी कायद्याचे पुस्तक उघडावे, कारण २००१ पासून खडक उभारणारे प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंक्तीला, जाऊन बसले आहेत. जर्मनीत मात्र बंदिवासात वाढवलेल्या प्रवाळांची कलमे, आपल्याकडे हापूसची मिळावीत तशी, रीतसर विकत मिळतात.

मी महसूल खात्यातून निवृत्त झालेला मनुष्य आहे. या खात्यात उभी हयात गेलेल्या माणसाची नजर निवृत्तीनंतरही रजेवर जात नाही. परक्या मुलखात गेला तरी तो बांध आधी पाहतो आणि डोंगर मागाहून. त्यामुळे त्या टाकीत निळ्या उजेडात डोलणाऱ्या प्रवाळांवरून माझी दृष्टी घसरली ती थेट खालच्या एका कपारीत, जेथे कोणाचीही परवानगी न घेता एक फिकट तपकिरी, जवळजवळ पारदर्शक असा जीव बारीक स्पर्शकांचा झुबका पसरून बसला होता. तो मला देखणा वाटला आणि मी तसे बोलून दाखवले. पुतण्याचा चेहरा उतरला.

हा एप्टेशिया नावाचा समुद्रफुलांपैकी एक जीव. जर्मन लोक त्याला काचगुलाब म्हणतात. उंची फार तर बोटाएवढी, देह मऊ, संरक्षणास ना कवच ना काटा. पण स्पर्शकांत दंशपेशी असल्यामुळे शेजारच्या प्रवाळाला तो भाजून काढतो आणि मोकळी झालेली जागा आपल्या नावावर करतो. तो खडकावरून हळूहळू सरकतो आणि सरकताना पायाच्या कडेचे कण मागे ठेवीत जातो, व त्या प्रत्येक कणापासून एकेक नवा काचगुलाब उभा राहतो. उपटावयास जावे तर तो कपारीत आखडतो. चिमट्याने ओढावा तर तुटतो, आणि तुटलेला जो तुकडा खडकाला चिकटून राहतो तो पुनश्च सर्वांगाने वाढतो. "काका, याला तोडायचं नाही. एकाचे दहा होतात," असे पुतण्या म्हणाला, तेव्हा मला साहजिकच रक्तबीज आठवला, पण त्या कथेतील जो भाग आपण सहसा विसरतो तोही आठवला. रक्तबीजाचा नाश केवळ शस्त्राने झाला नाही. शस्त्राने तर तो वाढतच होता. रक्ताचा थेंब भूमीवर पडण्यापूर्वी तो गिळणारे एक मुख रणांगणावर यावे लागले, तेव्हा कोठे ते युद्ध संपले.

शस्त्रांचे प्रयोग मात्र सर्वांचे करून होतात. चुना पाण्यात कालवून त्याचा दाट लगदा सुईने काचगुलाबाच्या तोंडात सोडतात. तो चुना त्याला आतून जाळतो. गंमत अशी की, याच चुन्याची निवळी दररोज थेंबाथेंबाने त्या टाकीत पडत असते, कारण प्रवाळांना हाडे बांधण्यास कॅल्शियम लागते, आणि १९७० नंतरच्या दशकात पेटर विल्केन्स यांनी ही युक्ती युरोपातील शौकिनांत रूढ केली. आपल्या आजीने तान्ह्या मुलाला दिलेली चुन्याची निवळी ती हीच. पातळ असता पोषण आणि दाट झाली की दंड. चुन्याने समोरचे काचगुलाब मरतात, खडकाच्या पाठीमागचे उरतात. मग काहीजण एका जातीची लहान लाल-पांढऱ्या रेघांची कोळंबी आणून सोडतात. ती प्रथम मनापासून काम करते. पुढे माशांसाठी टाकलेले आयते खाद्य तिच्या लक्षात येते, आणि तेथून पुढे तिचा अनुभव कोणत्याही कचेरीत येतो तसाच येतो.

हे आगंतुक येतात कोठून, याचे उत्तर सोपे आहे: खडकाबरोबर. समुद्रातून आणलेला खडक छिद्राछिद्रांत जीवमात्राने भरलेला असतो, आणि त्याच्या मोलाचे कारणही तेच. कारण माशांच्या मलमूत्रातील अमोनियाचे नायट्राइट व नायट्राइटचे नायट्रेट करणारे जीवाणू त्याच छिद्रांत राहतात, व त्यांच्यावाचून टाकीत काही जगत नाही. पाहिजे ते येऊ द्यावे आणि नको ते नाक्यावर अडवावे, अशी जकात या व्यवहारात बसवता येत नाही. इंग्लंडात कॉर्नवॉल परगण्यातील न्यूकी येथील सार्वजनिक मत्स्यालयात २००९ साली प्रवाळ रातोरात तुटलेले आढळू लागले, मासे जखमी होऊ लागले. सापळे लावून काही सापडेना, तेव्हा सारी आरास खडकाखडकाने मोडण्यात आली आणि तळाशी सुमारे ४ फूट लांबीचा एक जबड्यांचा किडा निघाला. बहुधा लहानपणी एखाद्या खडकात बसून तो आला असावा, आणि त्या वास्तूतील कित्येक नोकरांपेक्षा त्याची नोकरी जुनी असावी. त्याचे तेथील लोकांनी बारसेही केले, हे मला आवडले.

मला माझ्या खात्यातील एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे. गावठाणाच्या कडेला, सरकारी पडीत जमिनीवर झोपडे उभे राहिल्याची तक्रार आली की मंडल अधिकारी जातो, पंच बोलावतो, जागेची मोजणी होते, आणि पंचनाम्यात अतिक्रमण करणाऱ्या इसमाचे नाव, बापाचे नाव, वय, धंदा, वस्ती, कब्जाची मुदत व क्षेत्र असा तपशील भरला जातो. परंतु ज्या जागी ते झोपडे उभे राहिले तेथे पूर्वी गुरे चरत, ती आता का चरत नाहीत; ज्याच्या ये-जा करण्याने ती वाट मळलेली होती ते कूळ मुंबईला गिरणीत केव्हा गेले; तलाठी त्या बाजूला फिरकून किती हंगाम झाले, हे विचारणारा रकाना छापील नमुन्यात नसतो. असे कित्येक पंचनामे मी वाचले व मंजूर केले आहेत, आणि बेदखल झालेल्या जागेवर पुढील पावसाळ्याच्या आत दुसरा इसम येऊन बसल्याचेही पाहिले आहे. काचगुलाब खऱ्या समुद्रात असतोच. उष्ण प्रदेशांतील किनाऱ्यांवर, बंदरांच्या खांबांवर, कांदळवनांच्या मुळांशी तो सुखेनैव राहतो, आणि तेथे त्याला उपद्रवी म्हणावे असे कोणाच्या मनातही येत नाही, कारण त्याला कुरतडणारे मासे, खेकडे आणि समुद्रगोगलगायी त्याच्या भोवती सदैव वावरत असतात. टाकीत आपण त्याला आणला आणि त्यांना मागे ठेवले. त्याची जी अमर्याद वाढ आपल्याला दिसते ती त्याची म्हणून जेवढी आहे, तेवढीच न आलेल्या त्या मंडळींची आहे.

हा एक विचार हाती आल्यावर टाकीतील बाकीच्या तक्रारी मला निराळ्या वाचता येऊ लागल्या. नव्या टाकीत वाळूवर बसणारी तपकिरी धूळ ही डायाटमांची. पाण्यातील सिलिका संपली की ते निघून जातात, त्यांच्याविषयी अधिक लिहिण्याचे कारण नाही. लाल-जांभळ्या मखमलीसारखा जो थर त्यानंतर वाळूवर पसरतो, बोटाने उचलला तर साय निघावी तसा निघतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर होतो, तो शेवाळाचा नसून सायनोबॅक्टेरियांचा, म्हणजे जीवाणूंचा असतो. त्यांच्याशी बोलताना मात्र थोडी अदब ठेवावी असे माझे मत आहे. सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीच्या हवेत प्राणवायू साठू लागला तो यांच्याच पूर्वजांच्या उद्योगामुळे, आणि त्यांच्याविरुद्ध अर्ज करणारा अर्जदार तो अर्ज लिहीपर्यंत श्वास घेतो तो त्यांच्याच पुण्याईवर. यांतील पुष्कळांची विद्या अशी की, पाण्यात नत्र नसले तरी त्यांचे अडत नाही. ते हवेतून विरघळलेला नत्र स्वतः बांधून घेतात. उन्हाळ्याच्या दिवसांत कोकण-गोव्याच्या समुद्रावर लाकडाच्या भुशासारखे पिवळट-तांबूस पट्टे तरंगताना ज्यांनी पाहिले असतील, त्यांनी ट्रायकोडेस्मियम हे यांचेच भावंड पाहिले आहे. दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील संशोधकांनी १९७० नंतरच्या दशकात या पट्ट्यांचा अभ्यास केला. आणि त्याच्या दोनशे वर्षे आधी कॅप्टन कुकच्या खलाशांनी ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यालगत तेच पाहून त्याला समुद्राचा भुसा असे नाव दिले होते. मार्च-एप्रिलात जेव्हा वरच्या पाण्यातील नत्र सरलेला असतो आणि इतर सूक्ष्म वनस्पती उपाशी असतात, त्याच वेळी हा भुसा येतो. पेरणी न झालेल्या रानात जे उगवते ते हे.

परंतु या प्रकरणातील सर्वांत विलक्षण खटला डायनोफ्लॅजेलेट नावाच्या एकपेशी सूक्ष्मजीवांचा आहे, आणि तो मी डोळ्यांनी पाहिला. पुतण्या स्वभावाने काटेकोर. लहानपणी त्याच्या वहीत खाडाखोड नसे. टाकीतील शेवाळाचे मूळ नायट्रेट आणि फॉस्फेट यांत आहे हे कळताच त्याने खाद्य कमी केले, लोहाच्या ऑक्साइडचे दाणे भरलेल्या नळीतून पाणी फिरवले, फेस काढणारे यंत्र मोठे आणले, आणि परीक्षानळीतील रंग पाहून एके दिवशी मला सांगितले की, दोन्ही द्रव्ये शून्यावर आली आहेत. पाणी खरोखर हिऱ्यासारखे झाले होते. त्यानंतर काही दिवसांतच खडकांवर तपकिरी शेंबडासारखे तंतू लोंबू लागले, प्रत्येक तंतूच्या टोकाला प्राणवायूचा एकेक बुडबुडा. रात्री दिवे मालवले की ते निम्म्याहून अधिक नाहीसे व्हावेत आणि दुपारपर्यंत पुन्हा पूर्ववत दिसावेत. ते खाऊन गोगलगायी उलट्या पडू लागल्या. त्याने एक साधा सूक्ष्मदर्शक आणला व मलाही पाहावयास बसवले: थेंबाच्या आकाराचे सोनेरी-तपकिरी कण, टोकाशी अदृश्य दाव्याने बांधलेले असावेत तसे एकाच बिंदूभोवती गरगर फिरणारे. हा ऑस्ट्रिओप्सिस. हे नाव इटलीत घराघरांत गेले ते २००५ च्या उन्हाळ्यात, जेव्हा जिनोआच्या किनाऱ्यावर त्याचा बहर आला आणि लाटांच्या तुषारांतून त्याचे विष श्वासात गेल्यामुळे सुमारे २०० लोक ताप-खोकल्याने वैद्यकीय मदतीस पोहोचले.

आता याची कारणमीमांसा पाहा. नायट्रेट-फॉस्फेट अगदी शून्य झाले की साध्या हिरव्या शेवाळाची उपासमार होते आणि ते मरते. डायनोफ्लॅजेलेटांतील अनेकांना मात्र उजेडावर जगण्याची विद्या जशी असते तशीच जीवाणू गिळून पोट भरण्याचीही असते, त्यामुळे दुष्काळ इतरांना मारतो आणि त्यांना मोकळे मैदान देतो. ज्या टाक्या भट्टीतून काढल्यासारख्या कोरड्या, निर्जीव खडकांवर उभारल्या जातात त्यांत हा उपद्रव अधिक, असा शौकिनांचा अनुभव आहे. येथे आगंतुकाला भक्षकाच्या अभावाने नव्हे, तर प्रतिस्पर्ध्याच्या अभावाने वाट मिळाली. आणि ती वाट करून देणारी गोष्ट होती स्वच्छता. उपाय ऐकून मला हसू आवरेना. ज्या द्रव्यांना हद्दपार करण्यासाठी पुतण्याने पगाराचा एक भाग वेचला होता तीच द्रव्ये त्याने पुन्हा बाटलीतून विकत आणली, आणि सोऱ्याच्या जातकुळीची ती पूड पाण्यात विरघळवून दररोज मोजून टाकीत घालू लागला. कोणा जुन्या शौकिनाच्या टाकीतील मूठभर गाळ आणून, आपल्याकडे विरजण घालतात त्या श्रद्धेने, आपल्या वाळूत मिसळला. आणि रात्री पाण्यात पोहावयास निघणाऱ्या त्या कणांना गाठण्यासाठी अतिनील दिव्याची नळी बसवली. पुढे एके सकाळी काचेवर अंधुक हिरवी छटा आली. साधे, गावठी, हिरवे शेवाळ! त्या दिवशी त्या घरात जो आनंद झाला तो मी नातवंडांच्या निकालाला पाहिलेला नाही.

आणि याच डायनोफ्लॅजेलेटांच्या कुळातील एक शाखा प्रवाळांच्या देहात राहते. प्रवाळाला जो सोनेरी-तपकिरी वर्ण असतो तो तिचा. उजेडात ती जे अन्न शिजवते त्याचा मोठा हिस्सा यजमानाला मिळतो, आणि पाणी तापून ती बाहेर पडली की प्रवाळ पांढरा पडतो व बहुधा मरतो. कोकणातील काळोख्या रात्री होडीचे वल्हे बुडवताच निळा जाळ उठवणारे नॉक्टिल्यूका हेही त्यांचेच सगोत्र. एकच घराणे एका जागी अन्नदाता, दुसऱ्या जागी विषप्रयोगी आणि तिसऱ्या जागी दीपोत्सव; वर्तणुकीचा दाखला मागितला तर तो कोणत्या जागेचा, हे आधी विचारावे लागेल.

स्टुटगार्टच्या कानस्टाट भागात विल्हेल्मा नावाची प्राणिवनस्पती-बाग आहे, राजेशाही काळातील, मूरिश धाटणीच्या कमानींची. पुतण्या मला तेथे घेऊन गेला, आणि मत्स्यालयाच्या दालनात, कोणा ऐतिहासिक पुरुषाचे जन्मस्थान दाखवावे त्या स्वरात म्हणाला, "काका, कौलर्पा इथूनच निघाली." कौलर्पा टॅक्सिफोलिया हे नेच्याच्या पानांसारखे दिसणारे, गर्द हिरवे, उष्ण समुद्रातील शेवाळ. विल्हेल्मामध्ये वाढलेले त्याचे एक वाण थंड पाण्यातही तग धरणारे व जोमदार निघाले. शोभिवंत म्हणून ते इतर मत्स्यालयांना दिले गेले आणि असे हिंडत मोनाकोच्या महासागर-संग्रहालयात पोहोचले. १९८४ साली त्या संग्रहालयाच्या खिडक्यांखालीच, भूमध्य समुद्राच्या तळावर, त्याचे सुमारे १ चौरस मीटरचे बेट आढळले. १९८९ पर्यंत ते १ हेक्टरच्या आसपास गेले, आणि पुढील दहा-बारा वर्षांत फ्रान्स, इटली, स्पेन, क्रोएशिया असे देशोदेशींचे किनारे त्याने घेतले. नीस विद्यापीठातील अलेक्झांडर मेनेझ यांनी धोक्याची सूचना प्रथमपासून दिली. संग्रहालयाच्या बाजूने कैफियत आली की, हे शेवाळ आमचे नव्हेच. पुढे आनुवंशिक तपासणीत नाते सिद्ध झाले, पण तोवर मुदत टळून गेली होती. ही हकिकत वाचताना मला आमच्या दप्तरातील नस्त्या आठवल्या: जागा एक चौरस मीटर असते तेव्हा ती कोणाच्या अखत्यारीत यावर पत्रव्यवहार होतो, आणि पत्रव्यवहार संपतो तेव्हा मोजणीला साखळी पुरत नाही.

कौलर्पाच्या अंगात कडवट विष असते. उष्ण कटिबंधात ते पचवून तिला खाणारे जीव आहेत, भूमध्य समुद्रात तसे पुरेसे नव्हते. कॅलिफोर्नियात कार्ल्सबाडजवळच्या खाजणात २००० साली ती सापडली तेव्हा अमेरिकनांनी चर्चा न करता तिच्यावर ताडपत्र्या अंथरून खाली क्लोरीन सोडले, व २००६ साली, सुमारे ७० लाख डॉलर खर्चून, उच्चाटन पूर्ण झाल्याचे जाहीर केले. भूमध्य समुद्रात असे काही जमले नाही. परंतु अलीकडच्या काळात पुष्कळ ठिकाणी ती आपण होऊनच मागे सरली आहे. आपल्याकडे फिलिपिन्सकडून आणलेले कप्पाफायकस हे लागवडीचे शेवाळ मन्नारच्या आखातात कुरुसडै बेटापाशी प्रवाळांवर चढलेले २००८ साली नोंदले गेले. त्याची नस्ती अद्याप बंद झालेली नसावी.

ज्यांना असे वाटेल की, हे सारे कोंडलेल्या पाण्याचे किंवा परक्या वाणाचे दोष आहेत, त्यांनी जमेकाचे प्रकरण पाहावे. तेथे ना काच होती, ना परका जीव. कॅरिबियन समुद्रातील प्रवाळांवरचे शेवाळ चरून स्वच्छ ठेवण्याचे काम डायडेमा नावाचा, साळिंदरासारख्या लांब काळ्या काट्यांचा सी-अर्चिन करीत असे. शेवाळ खाणारे मासे माणसाने पिढ्यान्पिढ्या पकडून संपवत आणले होते, त्यामुळे त्या कामावर तो जवळजवळ एकटाच उरला होता. १९८३ च्या जानेवारीत पनामाच्या किनाऱ्यावर डायडेमा मरू लागले, आणि सुमारे वर्षभरात सबंध कॅरिबियनमधील शेकडा ९० हून अधिक नाहीसे झाले. त्याआधी १९८० च्या वादळाने जमेकाचे प्रवाळ मोडलेलेच होते. १९७० नंतरच्या दशकाअखेर ज्या तळाचा निम्म्याहून अधिक भाग जिवंत प्रवाळाने झाकलेला होता, तेथे दहा-पंधरा वर्षांत तो शेकडा ५ च्याही खाली आला, आणि बाकी सर्वत्र शेवाळ. ते शेवाळ काही नवे नव्हते. ते तेथलेच, वतनदार होते. फक्त ज्याच्या भीतीने ते आजवर हद्दीत राहिले तो एक जण कामावर आला नाही.

पुतण्याच्या टाकीखालच्या कपाटात आणखी एक लहान टाकी आहे, आणि मला विचाराल तर त्या सबंध व्यवस्थेत शहाणपणाची जागा ती एवढीच. तीत वाळू नाही, मासे नाहीत. एका दिव्याखाली हिरव्या तारांचा गुंता असावा तसे कीटोमॉर्फा नावाचे शेवाळ मुद्दाम वाढवलेले आहे. वरच्या टाकीतील जादा नायट्रेट-फॉस्फेट ते शोषून घेते, वाढले की मूठभर कापून फेकावयाचे, म्हणजे ती द्रव्ये घराबाहेर जातात. शेवाळाला शेवाळानेच उपाशी ठेवण्याची ही कल्पना वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेतील वॉल्टर एडी यांनी १९८० च्या सुमारास पद्धतशीर मांडली. गावाला गायरान तोडून दिले की पिकात गुरे कमी शिरतात, हे आमच्या जमाबंदीच्या साहेबांना ठाऊक होते. पुढे गायराने वाटून टाकली गेली, तो इतिहास निराळा.

काचगुलाबांचा निकाल अखेर बर्गियाने लावला. ही एक समुद्रगोगलगाय, कवचाविना, लांबी बोटाच्या पेराएवढी, पाठीवर फिकट पिसाऱ्यासारखे उंचवटे. ती रात्री निघते आणि काचगुलाबाखेरीज जगातील दुसरे काहीही खात नाही. त्याच्या दंशपेशी फुटू न देता गिळते आणि त्या स्वतःच्या पाठीवरील टोकांत नेऊन ठेवते, म्हणजे शत्रूचा दारूगोळा तिच्या कोठारात जमा होतो. पुतण्याने काही बर्गिया सोडल्या. त्यांनी पांढऱ्या वेटोळ्यांची अंडी घातली, संख्या वाढली, आणि काही महिन्यांत खडकाच्या पाठीमागचे, चुन्याला न सापडलेले काचगुलाबसुद्धा दिसेनासे झाले. मग नवीच विवंचना उभी राहिली. खाण्यास दुसरे काही चालत नसल्यामुळे कामगिरी फत्ते होणे म्हणजेच तिची उपासमार. या कारणाने बर्गियांची पैदास करणाऱ्यांना टाक्याच्या टाक्या भरून काचगुलाब पिकवावे लागतात. हायडेलबर्ग विद्यापीठातील संशोधकांनीही प्रवाळ व त्यांतील शेवाळ यांच्या सहवासाचा अभ्यास करण्यासाठी तो हौसेने पाळला, कारण प्रवाळापेक्षा तो वाढवावयास पुष्कळ सोपा.

आपल्या बर्गिया पुतण्याने कार्ल्सरूहच्या एका गृहस्थांना देऊ केल्या आणि आम्ही दोघे त्यांना पिशवीत घालून मुख्य स्थानकावर गेलो. ते स्थानक वर्षानुवर्षे खोदलेलेच आहे, त्यामुळे योग्य फलाट सापडावयास वेळ लागला. गृहस्थ वक्तशीर होते. पुतण्या मात्र पिशवी हातची सोडीना. बदलीच्या ठिकाणी काम शिल्लक असल्याचा दाखला पाहिल्याशिवाय नोकराला कार्यमुक्त करू नये, हा नियम त्याला कोणी शिकवला नव्हता, पण तो पाळत होता. काचगुलाब किती आहेत, मोठे किती, पाठीमागच्या बाजूला आहेत काय, असे प्रश्न त्याने जर्मनमधून विचारले असावेत. त्या गृहस्थांनी काहीशा संकोचाने खिशातला फोन काढून छायाचित्र दाखवले: खडकच्या खडक त्या जीवांनी भरलेला, प्रवाळ कोठे दिसत नव्हते. पुतण्याने ते बोटांनी मोठे करून पाहिले, पिशवी त्यांच्या हाती दिली आणि माझ्याकडे वळून समाधानाने म्हणाला, "चांगलं आहे काका, दोन महिने तरी पुरतील."